ऐकलेले : शून्य

माझ्या सासऱ्यांना खात्यात सगळे कानसेन म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'मामा' म्हणत. पण पाठीमागे म्हटलेलंही त्यांना ऐकू जायचंच, त्यामुळे फरक काही पडत नव्हता.

घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो. ते जंगल खात्यात पक्षी मोजायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं विचारलं, "सासरा काय करतो म्हणालीस?" मी सांगितलं. ती जरा वेळ भाजी निवडत राहिली आणि मग म्हणाली, "आणि त्याचा पगार देतात?"

देत होते. आधी ते साधे पहारेकरी होते. काठी, शिट्टी, बूट आणि सही करायचं रजिस्टर. एकदा जुने साहेब पाहणीला आले आणि झाडीत उभे राहून म्हणाले, केवढी शांतता आहे इथे! बाबा म्हणाले, "साहेब, पाच पक्षी बोलतायत, त्यातले दोन भांडतायत. आणि सहावं तुमचं घड्याळ आहे, ते मिनिटाला एकदा अडखळतंय." साहेबांनी घड्याळ काढून दुरुस्तीला दिलं. घड्याळजी म्हणाला, खरंय. पुढच्या आठवड्यात बाबांच्या हातातली काठी काढून वही दिली गेली.

मोजणीची पद्धत त्याच साहेबांनी बसवली होती. जंगलातल्या वाटेवर बारा दगड, पांढरे रंगवलेले, एक ते बारा आकडे टाकलेले. उजाडताना पहिल्या दगडापाशी उभं राहायचं. दहा मिनिटं हलायचं नाही. जे ऐकू येईल ते लिहायचं, मग पुढचा दगड. असं वर्षातून दोनदा, दोन-दोन आठवडे. छापील तक्त्यात चार रकाने होते: दगड, पक्षी, ऐकलेले, शेरा. 'पाहिलेले' असा रकाना नव्हता. जुन्या साहेबांचं म्हणणं, डोळा माणसाला फसवतो, हलत्या पानाला पक्षी म्हणतो, कान फसवत नाही. साहेब निवृत्त झाले, तक्ता राहिला.

बाबा सोबत कुणाला नेत नसत. "दोन माणसं म्हणजे चार बूट," ते म्हणायचे. "मग मी काय बूट मोजू?"

त्यांच्या कानांचा घरात फार जाच होता. खात्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मध्ये पातळ भिंत. लग्नानंतर आठव्या दिवशी मी मोरीत जाऊन, नळ सोडून, आईला फोनवर अगदी हळू सांगितलं की इथे चहात साखर म्हणून काही घालतच नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी साखरेचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला आणि पेपर वाचायला बसले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला, आणि तक्रारी कारखान्यात जाऊन करायला लागले. मी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. कॉलर वाकडी, काज तिरकं, बटण सैल, असे शर्ट बाजूला काढायचे. दिवसाला सहाशे शर्ट हातांखालून जातात.

माझा नवरा तेव्हा दगडाच्या खाणीत डंपर चालवायचा. खाण जंगलाला अगदी लागून. दुपारी दोनला तिथे सुरुंग उडायचे. दोनला पाच कमी असताना माझ्या सासूबाई फळीवरच्या कपबशा खाली उतरवून ठेवायच्या आणि दोन वाजून पाच मिनिटांनी परत वर लावायच्या. कुणी पाहुणा आला आणि विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, मुलगा कामावर आहे."

आता त्या पक्ष्याविषयी सांगते.

त्याला निळा माशीमार म्हणतात. चिमणीपेक्षा लहान. पाठ निळी, छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी जरा फिकट. दाट सावलीत, खालच्या फांदीवर बसतो, मधूनच सुटतो, हवेतल्या हवेत माशी धरतो आणि परत त्याच फांदीवर येऊन बसतो. इतका रंगीत असून दिसत नाही, कारण तो बसतो तिथे ऊन येत नाही. पण गातो. अगदी बारीक, धातूचा असावा तसा आवाज, पाच-सहा सुरांची ओळ. बाबांच्या वहीत दोनशेवर पक्षी होते, पण ह्याचं त्यांना जरा जास्त अप्रूप होतं. ते तसं बोलायचे नाहीत. फक्त मोजणीहून आले की सासूबाई विचारायच्या, "किती?" आणि ते एकच आकडा सांगायचे. तो माशीमाराचा असायचा, बाकीचे दोनशे वहीत.

माझं लग्न झालं त्या वर्षी एकतीस होते. पुढच्या वर्षी तेहतीस, मग अठ्ठावीस. मग एकोणीस. मग बारा. मग पाच.

पाचच्या वर्षी बाबा दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदाही गेले, सुट्टी टाकून. पाचच.

त्यानंतरच्या वर्षी ते मोजणीहून आले, पाय धुतले आणि पाटावर न बसता खुर्चीत बसले. सासूबाईंनी ताट वाढलं.

"जेवत का नाही?"

"माशीमार नाही."

"मी कुठे माशीमार वाढलाय?"

पण बाबांकडे बघून त्यांनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि मला खुणेनं बाहेर नेलं.

त्या वर्षी तक्त्यात लिहिलं गेलं, ऐकलेले: शून्य. शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी एक ओळ लिहिली, जिचा पुढे फार गाजावाजा झाला: 'दगड ७. एक दिसला. गप्प होता.'

खात्यात तेव्हा नवे साहेब होते. तरुण, हुशार, आणि बदलीच्या जागेवर काहीतरी करून दाखवायची घाई झालेले. त्यांनी बाबांना बोलावून विचारलं, "मामा, नक्की?"

"मला ऐकू आला नाही, साहेब."

"पण दिसला?"

"दिसला. चोच उघडत होता, पण आवाज नव्हता."

साहेबांनी हे वर कळवलं. वरून तीन तज्ज्ञ आले. मोठ्या टोप्या, गळ्यात दुर्बिणी. दोन दिवस राहिले, सकाळी नाश्ता करून जंगलात जायचे आणि उन्हं चढली की परत यायचे. ज्या महिन्यात माशीमार फारसा गातच नाही त्या महिन्यात आले होते, पण तो त्यांच्या सोयीचा महिना होता. त्यांनी बाबांच्या वह्या मागितल्या. वीस वर्षांच्या वह्या, एकही खाडाखोड नाही. तज्ज्ञांनी लिहिलं की असा नेटका पुरावा त्यांनी पाहिलेला नाही. पुढे लिहिलं की खाणीच्या सततच्या स्फोटांनी पक्ष्यानं गाणं सोडलं असावं. गाणं नाही म्हणून जोडी नाही, जोडी नाही म्हणून पिल्लं नाहीत. बारीक आवाजाचे आणखी दोन-तीन पक्षीही वहीत घटत चालले होते. त्यावर लिहिलं, आधी लहानांवर परिणाम होतो.

बाबांना ते पटलं. ते घरी म्हणाले, "बिचारा. घाबरून गप्प झाला." आणि त्या दिवसापासून सुरुंगाच्या वेळी घरात नसायला लागले. दोन वाजायला आले की छत्री घेऊन बाहेर पडायचे, ऊन असो नसो.

दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या शून्यानंतर दोन महिन्यांनी खाण बंद करायचा हुकूम आला.

नवरा त्या दिवशी दुपारी बारालाच घरी आला. हातात न उघडलेला डबा. तो त्यानं टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच म्हणाला, "बाबा, तुमच्या एका शून्यापायी साठ माणसं घरी बसली."

"तीन शून्य," बाबा म्हणाले.

"तेच तर."

"जे ऐकू आलं नाही ते ऐकलं म्हणून लिहू?"

"एखादा लिहायचा होता! एक! कोण बघायला येणार होतं?"

बाबांच्या तोंडावर असा भाव होता की मुलगा कुठल्यातरी परक्या भाषेत बोलला.

त्यानंतर दीड वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच खोलीत बसून बोलले नाहीत. मधला टपालखात्याचा भार माझ्यावर आला. "बाबांना सांग, मोटर बंद करायची राहिलीय." "त्याला सांग, केली." दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं, पण माझ्याकडून आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, दोघंही एका मापाचे, कापड एकच आहे. नवऱ्याला पुढे पावाच्या बेकरीची व्हॅन चालवायचं काम मिळालं. पहाटे निघायचा, अकराला घरी यायचा, अंगाला पावाचा वास. डंपरच्या धुळीपेक्षा तो बरा होता, पण हे मी बोलून दाखवलं नाही.

मधल्या मोजणीतही, खाण बंद असून, शून्यच आलं. ह्या सगळ्याला वाट फुटली ती तापामुळे.

बाबांना थंडीत ताप भरला. घरातला काचेचा थर्मामीटर फुटला होता म्हणून मी नवीन आणला, आकडे दिसणारा, ताप मोजून झाला की वाजणारा. तो त्यांच्या जिभेखाली ठेवला, म्हटलं, "वाजला की काढा," आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे भाताकडे बघता बघता मी विसरले. वीस मिनिटांनी आले तर बाबा तसेच बसलेले, ताठ, तोंडात थर्मामीटर, हात मांडीवर.

"अजून काढला नाहीत?"

"वाजला नाही," ते दातांतून म्हणाले.

मला वाटलं, बिघडलाय. बटण दाबून पुन्हा लावला आणि समोर उभी राहिले. मिनिटभरात वाजला. चांगला चार वेळा वाजला. बाबा माझ्याकडे बघत होते, वाट बघत.

"अगं वाजला ना!" सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या.

"काय वाजला?" बाबा म्हणाले.

मी थर्मामीटर काढला. ताप एकशे एक होता. त्या दिवशी तापाचंच बघितलं. पण मी दिवसाला सहाशे शर्ट तपासते. एकदा दिसलेली वाकडी कॉलर मला नंतर न दिसल्यासारखी करता येत नाही.

ताप उतरल्यावर मी त्यांना दवाखान्यात कान तपासायला घेऊन गेले. काय सांगून नेलं? खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "माझे कान?" जणू मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला वाचता येतं का. पण आले.

कान तपासायची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेलं एक मोठं कपाट. बाबांना आत बसवलं, डोक्याला हेडफोन, हातात बटण. बाहेर तपासणाऱ्या बाई, स्वेटर घातलेल्या, यंत्रासमोर. आवाज आला की बटण दाबायचं. बाबा दाबत होते. जाडे आवाज, मधले आवाज, सगळ्यांना दिवा लागत होता. मग बाई वरच्या आवाजांकडे गेल्या. त्यांनी चकती फिरवली, मग आणखी फिरवली. दिवा नाही. चकती शेवटापर्यंत गेली. काचेतून मला बाबांचा चेहरा दिसत होता. मान किंचित कललेली, कान टवकारलेले, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. दगडापाशी ते असेच उभे राहत असणार.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद दाखवला. एक रेघ बरीच पुढे सरळ गेली होती आणि मग एकदम खाली पडली होती.

"काका, बोलणं ऐकू येतं तुम्हाला, दार वाजलेलं येतं. फक्त वरचे सूर गेलेत. वयानं जातात."

"कधी गेले?"

"सहा-सात वर्षं तरी झाली असतील. हळूहळू जातात. आधी लांबचं, मग जवळचं."

"जाताना काही कळवत नाहीत?"

"नाही काका."

बाबांनी कागदावर बोट ठेवलं. "ह्यात पक्षी कुठे बसतो?"

"कुठला पक्षी?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, ओठ आवळले आणि जमेल तेवढी बारीक शीळ घातली, पाच-सहा सुरांची. "ह्याच्याही वर," ते म्हणाले. बाहेर रांगेतली माणसं आत डोकावली. बाईंनी शांतपणे पेन्सिल उचलली आणि रेघ पडली होती त्याच्या पलीकडे, रिकाम्या जागेत एक टिंब काढलं.

बाबांनी कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली. बसमधून उतरताना म्हणाले, "उद्या रजा टाक."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पहिल्या दगडापाशी होतो. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा चार बूट जंगलात नेले होते. तिथे काही मिळालं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दगडापाशी मला इतकं काय काय ऐकू येत होतं की मी गोंधळून गेले. चौथ्या दगडापाशी बाबांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"सगळ्यात बारीक काय आहे, तेवढंच ऐक."

मी ऐकलं. "कुणीतरी अगदी छोटं कुलूप उघडतंय. किल्ली फिरवतंय, परत फिरवतंय."

"शिळेवर म्हण."

मला शीळ येत नाही. मी जीभ टाळूला लावून कसंबसं 'टीं टी-टी टीं टीं' असं केलं. शर्टांच्या कारखान्यातल्या कुणी पाहिलं असतं तर माझी काही धडगत नव्हती. पण बाबा हसले नाहीत.

"कुठून येतंय?"

मी बोट दाखवलं. दहा पावलांवर एक वाकडी फांदी होती, सावलीत. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ. मग मलाही दिसला. एवढासा निळा, छातीवर नारिंगी, मान वर करून गात होता. गळ्यावरची पिसं थरथरत होती. चोच उघडत होती, मिटत होती.

"चालू आहे?" बाबांनी विचारलं.

"चालू आहे."

"आत्ता?"

"आत्ता थांबला. आता परत."

"कधीपासून चालू आहे?"

"आपण आलो तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. मग वही काढली. पुढच्या आठ दगडांवर मी बोट दाखवत गेले आणि ते लिहीत गेले. मधूनच म्हणायचे, "तो मघाचाच. जागा बदललीय," आणि खोडायचे. एवढ्या वर्षांत वहीत खाडाखोड झाली ती त्या दिवशी. माझ्या हिशेबानं चौतीस होते. त्यांनी पाच काढून टाकले. एकोणतीस राहिले.

बाराव्या दगडावर ते बसले. दगडावर बसायची खात्याची परवानगी नाही, रंग जातो म्हणून.

"इतकी वर्षं गात होता," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी त्याला बिचारा म्हणत होतो."

मी थर्मासमधला चहा काढला आणि दिला. त्यांनी घेतला. साखर घातलीय का, ते विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, जसं घडलं तसं. सासूबाईंनी पहिल्यांदा त्यांचे दोन्ही कान हातांनी चाचपून पाहिले, जसं पोर पडल्यावर गुडघा बघतात. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. झाकली मूठ राहू दे. वर्षभरानं निवृत्त व्हायचंय. आणि खाण बंद आहे तर वाळत घातलेले कपडे पांढरे राहतात."

नवरा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सरळ बापाकडे वळला.

"सांगणार आहात?"

"हो."

दीड वर्षानंतरचे ते पहिले शब्द. माझी टपालखात्यातून सुटका झाली.

माझं मन कुठे होतं, कुणी विचारलं नाही, पण सांगते. मला खाण सुरू व्हायला नको होती आणि नवऱ्याचं काम परत यायला हवं होतं. एकाच शर्टाला दोन कॉलर हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसात गेले. बरोबर मला नेलं, साक्षीदार म्हणून. साहेबांच्या भिंतीवर खाण बंद केल्याबद्दल वरून आलेलं कौतुकाचं पत्र चौकटीत लावलेलं होतं. बाबांनी आधी कान तपासणीचा कागद ठेवला, मग वही.

"साहेब, माशीमार आहे. एकोणतीस."

साहेब खुर्चीतून उठले. "परत आला!"

"परत नाही आला."

"मामा, दीड वर्ष खाण बंद, आणि एकोणतीस! अहो, केवढं यश आहे हे!"

"साहेब, तो गेलाच नव्हता. माझे कान गेले होते."

साहेबांनी कागद पाहिला, वही पाहिली, भिंतीवरचं पत्र पाहिलं. मग दार लावून घेतलं.

"मामा, हे तुम्हाला कुणी सांगायला लावलं? मुलगा खाणीवर होता ना तुमचा?"

"होता. तो पाच शब्दांवर बोलत नाही माझ्याशी."

"मग कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? तुमची नोकरी..."

"तक्त्यात 'ऐकलेले' लिहिलंय साहेब. मी ऐकलेलंच लिहिलं. खोटं काही नाही. पण माझं ऐकणं म्हणजे जंगल, असं तुम्ही धरलंत, आणि मीही धरलं. ते दुरुस्त करा."

"लिहून द्या," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, लिहून द्या म्हटलं की माणसं दमतात. बाबांनी तिथेच बसून पाऊण पान लिहिलं, सही केली, माझी सही घेतली आणि पोच मागितली.

ही बातमी खाणमालकाला त्याच संध्याकाळी लागली. भिंतींना कान असतात, आणि ऑफिसच्या भिंतींचे कान तर बाबांच्यापेक्षा चांगले निघाले. तो मिठाईचा मोठा डबा घेऊन आला.

"देवासारखे धावून आलात!"

"मी धावलो नाही," बाबा म्हणाले. "बसनं गेलो."

"फक्त एक ओळ वाढवून द्या. सुरुंगानं पक्ष्याला काही होत नाही, अशी."

"ते मला कसं माहीत? मी पक्षी मोजतो. सुरुंगाचं सुरुंगवाल्याला विचारा."

"पण पक्षी आहेत ना? एकोणतीस!"

"पूर्वी तेहतीस होते."

मालकाचा चेहरा पडला. "म्हणजे कमी झाले?"

"माझ्या सुनेनं मोजलेत. तिचा पहिला दिवस होता."

मालकानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच चार पक्षी लपवून ठेवलेत. डबा सासूबाईंनी त्याच्या हातात परत दिला, पण आधी झाकण उघडून आत काय आहे ते बघितलं.

पुढे चौकशी झाली. ह्या वेळी तज्ज्ञ योग्य महिन्यात आले आणि आवाज टिपणारी यंत्रं बाराही दगडांवर लावली. यंत्रांनी तीस मोजले. अहवालात लिहिलं गेलं की पूर्वीच्या निष्कर्षांचा फेरविचार करण्यास वाव आहे. खाण पुन्हा सुरू झाली, पण जंगलापासून लांबच्या बाजूनं, आणि पिल्लांच्या महिन्यांत सुरुंग बंद. आता सुरुंग क्वचित उडतात आणि आवाज लांबून येतो. साठ माणसांपैकी पस्तीस परत घेतली. माझा नवरा त्यांत नव्हता. मालक म्हणाला, ज्याच्या बापानं खाण बंद पाडली त्याला कसं घेऊ? ज्याच्या बापानं ती उघडली तो बापही तोच, हे नवऱ्यानं त्याला सांगितलं. मालकाला तेवढं आठवत नव्हतं. तेव्हा पावाची व्हॅन राहिली ती राहिलीच.

साहेबांचं कौतुकाचं पत्र भिंतीवर तसंच आहे. बाबांना शिक्षा झाली नाही, कारण कुठल्या नियमाखाली करायची ते सापडलं नाही. उरलेले दहा महिने त्यांना रोपवाटिकेत बसवलं, रोपं मोजायला. रोपं गात नाहीत, बाबा म्हणाले, सोपं काम आहे. मोजणीला आता एक तरुण पहारेकरीण जाते. तिला आवाज शिकवायला बाबा पहिले दोन आठवडे बरोबर गेले. ती ऐकायची, ते शिळेवर म्हणायला लावायचे आणि चुकलं की ओरडायचे. तक्त्यात आता पाचवा रकाना आहे: 'मोजणाऱ्याचे कान तपासल्याची तारीख'. बाबांनी अर्ज करून करून तो घालायला लावला.

कानात घालायचं यंत्रही आणलं. पहिल्या दिवशी बाबांनी ते लावलं आणि अर्ध्या तासात काढलं. म्हणाले, पेपर फडफडतो, चपला करकरतात, सासूबाईंची बांगडी वाजते, इतकं सगळं घरात चाललेलं असतं हे विसरायला झालं होतं. आता रोज संध्याकाळी तासभर लावतात, सवय व्हावी म्हणून. जंगलातही लावून पाहिलं. माशीमार ऐकू आला का, विचारलं तर म्हणाले, "आला. पण टेलिफोनवरून बोलल्यासारखा."

निवृत्तीनंतरही बाबा अधूनमधून पहाटेच्या बसनं जंगलात जायचे; गेल्या महिन्यात बसचं वेळापत्रक बदललं आणि उजाडताना जंगलाकडे जायला काही राहिलं नाही. रविवारी बेकरीला सुट्टी असते. शनिवारी जेवताना नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "व्हॅन आहे उद्या." बाबा म्हणाले, "बरं."

मीही गेले. नऊ वर्षं नवरा त्या जंगलाला लागून डंपर चालवत होता, पण आत पाऊल टाकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. वाटेवर तो पुढे-मागे बघत, फांद्या चुकवत चालत होता, अरुंद गल्लीत गाडी घालावी तसा. सातव्या दगडापाशी बाबांनी हात वर केला. आम्ही थांबलो. मला ऐकू येत होतं, मी बोट दाखवलं. बाबांनी नवऱ्याला स्वतःच्या जागी उभं केलं आणि त्याची हनुवटी धरून मान हवी तिकडे वळवली.

नवऱ्यानं बराच वेळ पाहिलं.

"एवढासा?" तो म्हणाला.

"एवढासाच," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, कोंबडीएवढा तरी असेल."

पक्षी फांदीवरून सुटला, हवेत एक गिरकी घेऊन काहीतरी धरलं आणि परत त्याच जागी येऊन बसला. नवऱ्यानं मान पुढे काढली. तो पुन्हा सुटला, पुन्हा आला. दहा मिनिटं होऊन गेली होती, पुढचे पाच दगड राहिले होते, पण बाबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो.